शिक्का आणि ब्रीद
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. वर्गात असताना वक्तृत्व स्पर्धेला मी दोनदा नाव दिलं आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी मला ताप आला, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. आज ताप आलेला नाही. मेळाव्याच्या समितीने मला एक काम दिलं होतं. त्या कामातून थोडा अभ्यास झाला आणि त्याबद्दलच चार शब्द बोलावेत असं ठरलं.

काम असं होतं की स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी शाळेचं बोधचिन्ह स्वच्छ काढून द्यायचं. शाळेकडे जे होतं ते झेरॉक्सची झेरॉक्स. पणतीची ज्योत म्हणजे काळा डाग आणि खालचं पुस्तक म्हणजे बशी वाटावी, असं. "तू कॉम्प्युटरवाली, तू कर," असा निरोप आला. मग मी आईकडच्या कपाटातून माझा जुना पत्र्याचा बिल्ला शोधून काढला. निळी पार्श्वभूमी, उघडं पुस्तक, त्यावर पणती, मागे गंजलेली पिन. तो स्कॅन केला आणि त्यावरून रेघ न् रेघ पुन्हा काढली. तीन रविवार गेले. दहा वर्षं जी वस्तू छातीवर लावून फिरलो तिच्या ज्योतीला किती वळणं आहेत, हे मला पहिल्यांदा त्या रविवारी कळलं.

ते करताना इतिहासाच्या सरांची आठवण येत राहिली. आठवीत सरांनी आपल्याला कसबा गणपती आणि लाल महाल बघायला चालत नेलं होतं. जाताना रांग, येताना गोंधळ. लाल महालासमोर सरांनी विचारलं होतं, "पुण्याची सगळ्यात जुनी खूण कोणती?" कुणी शनिवारवाडा म्हणालं, कुणी पर्वती म्हणालं. सर म्हणाले, "नांगर."

ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. १६३० च्या सुमारास पुणे शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि शहाजीराजांवर रोष धरून आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ते जाळलं, उद्ध्वस्त केलं. एवढ्यावर तो थांबला नाही. गावाच्या जमिनीवर त्याने गाढवाचा नांगर फिरवला आणि एक पहार ठोकली. परंपरा सांगते की त्या पहारेला फाटकी वहाणही टांगली. आता, घरं जाळल्यावर माणसं तशीही निघून गेलेली असतात. मग नांगर कशासाठी? तर तो पुढे येणाऱ्यांसाठी होता. ही जमीन शापित आहे, इथे पुन्हा कुणी चूल मांडू नये, असा तो जमिनीवरच लिहिलेला हुकूम. "गाढवाचा नांगर फिरवीन" असं आपण आजही रागाने म्हणतो. त्या म्हणण्याला पुण्याने प्रत्यक्ष भोगलेलं आहे.

त्यानंतर काही वर्षांनी जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे पुण्यात आले. जिजाबाईंनी कसब्यात गणपतीचं देऊळ बांधलं, तो गणपती आज आपलं ग्रामदैवत आहे. आणि त्याच जमिनीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवला गेला. मी इंजिनियर आहे. सोनं मऊ असतं, सोन्याच्या फाळाने पुण्याची जमीन नांगरली जात नाही. ती नांगरायची नव्हतीच. एका खुणेवर दुसरी खूण उमटवायची होती. पहिली म्हणत होती, इथे राहू नका. दुसरी म्हणाली, या, राहा, आम्ही राहणार आहोत.

पण सर तिथे थांबले नव्हते, हे मला आज महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, नुसता नांगर बघून शेतकरी परत आला नाही. पडीक जमीन करणाऱ्याला सुरुवातीला सारा अगदी कमी, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेलेला. माजलेले लांडगे मारणाऱ्याला बक्षीस. म्हणजे आधी नांगराने शब्द दिला आणि मग तो शब्द पाळायची कामं झाली. ही कामं झाली नसती तर सोन्याचा नांगर ही एका श्रीमंत घराची हौस ठरली असती.

बोधचिन्हं जगभर आहेत. युरोपात बाराव्या शतकात चिलखतातला माणूस ओळखू यावा म्हणून ढालीवर चित्रं आली, पुढे ती गावांनी आणि शहरांनी घेतली. मला त्यात सगळ्यात आवडतं ते पॅरिसचं. त्यांच्या चिन्हात होडी आहे, कारण मुळात तो सीन नदीवर मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचा शिक्का होता. खाली लॅटिनमध्ये अर्थ असा, की हेलकावे खाते पण बुडत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर आपल्या आईवडिलांनी जे बघितलं ते आठवलं, की वाटतं, हे वाक्य पुण्यालाही शोभलं असतं. उलट ब्रिटिशांच्या काळात मुंबईने जे लॅटिन वाक्य मिरवलं त्याचा अर्थ होता, हिंदुस्थानातलं पहिलं शहर. ती बढाई होती. तीत कुणाला काही शब्द दिलेला नाही, त्यामुळे तो मोडायचाही प्रश्न येत नाही.

आपल्याकडे ढाली नव्हत्या, आपल्याकडे शिक्के होते. शिवाजीराजांची मुद्रा आपण सगळ्यांनी पाठ केली होती, काहींनी ती छडी खाऊन पाठ केली होती. त्या मुद्रेकडे मी या निमित्ताने पुन्हा बघितलं. अष्टकोनी, संस्कृतातली. शहाजीराजांचे आणि जिजाबाईंचे शिक्के फारसीत होते, कारण राज्यकारभाराची भाषा ती होती. मुलाने मात्र संस्कृत घेतली. अर्थ असा की, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंदनीय, शहाजीच्या मुलाची शिवाची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. बघा, राजाने पूर्ण चंद्र घेतला नाही. प्रतिपदेची कोर इतकी बारीक असते की ती दिसतेच असं नाही. जे अजून झालेलं नाही पण होणार आहे, त्याची ती खूण आहे. आणि शेवटी कारण दिलेलं आहे, कल्याणासाठी. शिक्क्यात स्वतःचं नाव सगळेच घालतात. शिक्का कशासाठी वापरणार हेही घालणं म्हणजे स्वतःलाच बांधून घेणं.

आणि याच राजाचा दुसरा एक छोटा शिक्का होता, तो आपल्याला शाळेत कमी शिकवला गेला. पत्राच्या शेवटी उमटवायचा: "मर्यादेयं विराजते". म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली. वर मुद्रा आणि खाली मर्यादा, मधला मजकूर तेवढा माझा. त्याखाली कुणी एक ओळ जरी घुसवली तरी ती माझी नाही. कागदाचे तुकडे चिकटवून लांब पत्र केलं असेल तर मागे सांध्यांवरही शिक्का मारत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. या शेवटच्या शिक्क्याला मोर्तब म्हणत. आपण मीटिंगमध्ये "शिक्कामोर्तब झालं" म्हणतो, त्यात हे दोन वेगळे शिक्के आहेत. एक सांगतो हे कोणाचं, दुसरा सांगतो हे कुठपर्यंत.

मग प्रश्न राहतो की कल्याणासाठी हे जे लिहिलं ते खरं होतं का. त्याचं उत्तर पुण्यापासून फार लांब नाही. खेड शिवापूरच्या बाजूला रांझे गाव आहे. १६४६ च्या जानेवारीतलं शिवाजीराजांचं पत्र आहे, त्यावर हीच मुद्रा आहे. रांझ्याचा पाटील बाबाजी गुजर याने एका स्त्रीवर अत्याचार केला होता. चौकशी झाली, गुन्हा सिद्ध झाला, त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटीलकी काढून घेतली गेली. त्या वेळी राजे पंधरा-सोळा वर्षांचे होते, म्हणजे आपल्या दहावी-अकरावीच्या वयाचे. आज ती शिक्षा वाचून अंगावर काटा येतो. पण गावात पाटील म्हणजे सर्व काही, अशा काळात त्या बाईचं ऐकलं गेलं. चंद्रकोर वाढणार होती ती अशी.

मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे, ब्रीद. ब्रीद मिरवता येतं आणि ब्रीदाला जागताही येतं. मिरवणं सोपं.

पेशव्यांचा शिक्का बघा. सगळा कारभार पुण्यातून, फौजा उत्तरेत पार दिल्लीपर्यंत, पण थोरल्या बाजीरावांच्या शिक्क्यावर आधी राजा शाहूंचं नाव, ते हर्षाचं निधान, आणि मग खाली बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान. साताऱ्याचा राजा मालक आणि आपण नोकर, हे प्रत्येक कागदावर. पुढे पुढे साताऱ्याचा राजा नावापुरता उरला, तरी शिक्क्यांवर त्याचं नाव आधी येत राहिलं. शिक्का बोलत होता एक आणि कारभार चालला होता दुसरा. शिक्का जुना, खानदानी असला तरी त्याने कारभार आपोआप खरा होत नाही.

आपल्या महाराष्ट्र शासनाच्या बोधचिन्हात समई आहे, भोवती कमळाच्या पाकळ्या आहेत, आणि वाक्य आहे ते शिवाजीराजांच्या मुद्रेचंच. फक्त शहाजीच्या मुलाच्या जागी महाराष्ट्र राज्य घातलं आहे. मला हा बदल फार मोठा वाटतो. एका माणसाने स्वतःला बांधून घेतलं होतं, आता ते बंधन आपल्या सगळ्यांवर आलं. आणि पुणे महानगरपालिका, जी १५ फेब्रुवारी १९५० ला स्थापन झाली, तिचं ब्रीद आहे "वरं जनहितं ध्येयम्". लोकांचं हित हे श्रेष्ठ ध्येय. मिळकतकराचं बिल भरताना मी ते वर्षानुवर्षं न वाचता बाजूला ठेवत आले. या वेळी वाचलं. तुम्हीही वाचा. रस्त्यावरचा खड्डा चुकवताना आपण महापालिकेला नावं ठेवतो ना, तेव्हा तक्रारीला नेमका आधार मिळतो. खड्ड्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याला त्यांच्याच शिक्क्याने दिलेला आहे.

आता थोडं माझ्या कामाचं. माझ्या नोकरीत मी गेली अनेक वर्षं जे करते ते मुद्रा आणि मोर्तबच आहे. तुम्ही ऑनलाइन एखादा कागद "डिजिटली साइन" करता, तेव्हा आत असं घडतं: सगळ्या मजकुराचा गणिताने एक छोटा अर्क काढतात आणि त्यावर तुमच्या गुप्त किल्लीने शिक्का मारतात. मजकुरातला एक काना जरी कुणी बदलला तरी अर्क जुळत नाही आणि शिक्का खोटा ठरतो. शिवाय प्रत्येक प्रमाणपत्राला शेवटची तारीख असते, ती गेली की ते चालत नाही. म्हणजे मर्यादेयं विराजते. सरांना हे सांगायचं राहून गेलं, की तुम्ही आठवीत शिकवलं त्याचाच पगार मी घेते.

पण या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसायचं, आठवतंय? त्याचा अर्थ एवढाच होता की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मध्ये कुणी ऐकत नाही. समोरचा माणूस सज्जन आहे, असं ते कुलूप कधीच म्हणत नव्हतं. भामट्यांच्या साइटवरही तसंच कुलूप असायचं. लोक मात्र कुलूप बघून बिनधास्त पैसे भरायचे. शेवटी २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह काढून दुसरं लावलं. शिक्का अस्सल असू शकतो आणि त्यामागचा व्यवहार खोटा असू शकतो. कुठलंही गणित ते पकडू शकत नाही. ते फक्त शिक्का मारणाऱ्याला माहीत असतं.

हे मला कॉम्प्युटरच्या आधीपासून माहीत आहे. आता जे सांगणार आहे ते समितीला दिलेल्या मजकुरात नव्हतं.

आपल्याकडे सोमवारी बिल्ला तपासायचे. बिल्ला नसेल तर पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं आणि ऑफिसमधून तीन रुपये देऊन नवा घ्यायचा. सातवीत एका सोमवारी माझा बिल्ला हरवला होता. मी वर्गाची मॉनिटर होते. मॉनिटर बाहेर उभी राहिलेली मला चालणार नव्हतं. प्रार्थनेच्या आधी वर्गात कुणी नव्हतं. बाकावर माझ्या शेजारणीचा स्वेटर होता, त्याला तिचा बिल्ला लावलेला होता. मी तो काढून माझ्या फ्रॉकला लावला.

तपासणीला सर आले. माझ्या छातीवर पणती आणि पुस्तक होतं. ती उभी राहिली, स्वेटर चाचपला, बाक बघितलं, दप्तर उपसलं. मी तिला शोधायला मदत केली. हो, मदत केली. मग ती बाहेर गेली आणि मॉनिटर म्हणून तिचं नाव वहीत मी लिहिलं.

बिल्ला अस्सल होता. शाळेचाच होता. त्यात खोटं काहीच नव्हतं, मी सोडून.

मी तो परत करणार होते. मंगळवारी, मग बुधवारी. तिने नवा घेतल्यावर आता काय परत करायचं असं वाटलं. मग परत केला तर सांगावं लागेल, म्हणून नाही केला. दहावीपर्यंत तोच लावला. आईच्या कपाटात जो सापडला तो हाच. मागच्या बाजूला पिनेशेजारी करकटकाने एक अक्षर कोरलेलं आहे. ते माझ्या नावाचं नाही.

तीन रविवार मी त्या बिल्ल्याची समोरची बाजू मोठी करकरून बघत होते आणि मधूनमधून तो उलटा करून ते अक्षर बघत होते. नवं बोधचिन्ह तुमच्या हातातल्या स्मरणिकेवर आहे. ते छान आलं आहे असं सगळे म्हणतात. पण ते कोणाच्या बिल्ल्यावरून काढलं हे तुम्हाला माहीत नसताना त्याचं कौतुक ऐकून घेणं मला जमलं नाही.

ती आज इथे आहे, तिसऱ्या ओळीत. तिचं नाव मी घेणार नाही, तिला हवं तर ती सांगेल. बिल्ला माझ्या पर्समध्ये आहे. मला तुझी माफी मागायची आहे. सरांचीही, कारण त्या वहीत मी खोटं नाव लिहिलं आणि त्या पानावर त्यांनी सही केली होती.

पुस्तक आणि पणती यांचा अर्थ आपल्याला पहिल्या दिवशी सांगितला होता. वाचा आणि उजेड द्या. त्या दिवशी मी तो बिल्ला दुसऱ्या कुणाला अंधारात ढकलण्यासाठी वापरला. शहराचं ब्रीद मोठं असतं, राज्याचं त्याहून मोठं, पण ते पाळणारी माणसं सातवीतल्या मुलींमधूनच येतात. मला एवढंच सांगायचं होतं. मी थांबते.

ता. क. (स्मरणिकेसाठी): भाषणानंतर मी बिल्ला परत केला. तिला वर्गाबाहेर उभं राहिल्याचं आठवत नव्हतं. तिला आठवत होतं ते वेगळंच. महिनाअखेर होती आणि बिल्ल्यासाठी तीन रुपये मागितल्यावर तिचे वडील काही न बोलता शेजारी उसने मागायला गेले होते. हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं आणि मला चहा आणून दिला. या अंकाच्या मलपृष्ठावर बिल्ल्याची मागची बाजू छापली आहे, ती तिच्या सांगण्यावरून.